दुसरी भाषा आणि ग्रंथालयाचे कर्तव्य



महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत आज एक दृश्य वारंवार दिसते. आजी नातवाला मराठीत हाक मारते, नातू मराठीत ओ देतो, तिच्या गोष्टीला योग्य जागी हसतो. आणि तीच गोष्ट छापील पानावर समोर ठेवली की दोन ओळी अडखळत वाचून पुस्तक मिटतो. इंदूर-ग्वाल्हेरीकडे त्याच्या शाळेची भाषा हिंदी किंवा इंग्रजी असते, बडोद्यास गुजराती किंवा इंग्रजी, हैदराबादेस तेलुगू किंवा इंग्रजी. घरातली पहिली भाषा अशा रीतीने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, त्याची दुसरी भाषा होऊन बसते. त्याच घरात अमराठी माहेरातून आलेली सून असेल, तर तिला मराठी शिकण्याची इच्छा असते. परंतु शिकवावे कसे, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते.

शंभर वर्षांची परंपरा असलेल्या ग्रंथालयापुढे म्हणूनच आज एक निराळा प्रश्न उभा आहे. पुस्तके जपली, इमारत उभी राहिली, कपाटे भरली. ती कपाटे उघडणारा पुढचा वाचक कोठून यावयाचा? तो आपोआप येणार नसेल तर घडवावा लागेल. दुसरी भाषा कशी शिकली जाते, याचा शास्त्रीय अभ्यास गेल्या शतकात पुष्कळ झाला आहे. त्यातील जे निष्कर्ष ग्रंथालयाच्या कामी येण्याजोगे आहेत, त्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकण्याची परंपरा मुळात नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ ज्या मराठीत आहे, ती त्यांनी प्रौढ वयात शिकलेली भाषा होती. विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. अलीकडच्या काळात, अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासह १९७५ मध्ये मराठीचे संदर्भ-व्याकरण सिद्ध केले आणि मराठी शिकू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी पाठ्यपुस्तकेही लिहिली. जन्माने न लाभलेली भाषा मोठेपणीही आपलीशी करता येते, याला याहून वेगळा पुरावा नको.

आता प्रश्न पद्धतीचा. व्याकरणाचे नियम पाठ करावयाचे आणि वाक्यांची भाषांतरे करावयाची, ही जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावरचा एक मार्मिक आक्षेप आपल्याच देशातून आला. मायकेल वेस्ट हे बंगालमध्ये शिक्षणकार्य करीत असताना त्यांनी १९२६ साली द्वैभाषिकतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बंगालमधील बहुसंख्य विद्यार्थी शाळा मध्येच सोडतात. तेव्हा अर्धवट शिक्षणातूनही ज्याचा उपयोग उरेल असे काही त्यांच्या पदरात पडले पाहिजे, आणि ते म्हणजे वाचनाची शक्ती, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तके तयार केली आणि नवे शब्द बेताबेताने येतील अशी त्यांची रचना केली.

वेस्ट यांच्या या विचाराला पुढे एका प्रयोगाने बळ दिले. १९८० साली फिजी बेटांवरील ग्रामीण प्राथमिक शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तो केला. तेथील मुलांची घरची भाषा फिजियन किंवा फिजीची हिंदी. शाळेत इंग्रजी दुसरी भाषा. निवडलेल्या वर्गांना सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तके देण्यात आली. काही वर्गांत मुलांनी रोज ठराविक वेळ ती आपापली वाचावयाची. काही वर्गांत शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवून मुलांशी त्यांवर बोलावयाचे. उरलेल्या वर्गांत नेहमीचे पाठ आणि वाक्यांची घोकंपट्टी चालू राहिली. वर्षअखेर गोष्टी वाचणाऱ्या मुलांची वाचनातील प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट भरली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो लाभ लेखन आणि व्याकरण यांपर्यंत पोहोचल्याचे दिसले. ग्रंथालयाच्या सभासदांना यातून वेगळे काही सांगावयास नको. मुलांच्या हाती आवडतील अशी पुष्कळ पुस्तके पडणे, हेच भाषाशिक्षणाचे एक समर्थ साधन ठरले.

मात्र ‘पुष्कळ’ याबरोबर ‘योग्य’ हा शब्दही जोडावा लागतो. दुसऱ्या भाषेतील मजकूर कोणाच्या मदतीवाचून सुखाने वाचता यावा, तर त्यातील शंभरापैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असे शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी शब्द चालतो. दर ओळीला दोन शब्द अडले तर वाचन संपते आणि उकल सुरू होते. थोरामोठ्यांना प्रिय असलेली अभिजात कादंबरी नातवाच्या हाती प्रेमाने दिली जाते आणि तो ती परत ठेवतो, त्याचे कारण पुष्कळदा अनास्था नसून हा हिशेब असतो. मराठीत तर शब्द सामान्यरूपात वेष पालटून येतो. ‘पाणी’ ठाऊक असलेले मूल ‘पाण्यात’पाशी थबकते, ‘मूल’ ओळखणारे ‘मुलांना’पाशी. तेव्हा पुस्तक निवडताना एका पानावरचे शंभर शब्द मुलाकडून वाचून घ्यावेत. दोन-तीन अडले तर पुस्तक खुशाल घरी द्यावे. पाच-सहा अडले तर मोठ्या माणसाने सोबत बसून वाचावे. त्याहून अधिक अडले तर ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

केवळ ऐकणे आणि वाचणे पुरते का, हा पुढचा प्रश्न. स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात समजेल अशा भाषेच्या श्रवण-वाचनावर सर्व भर दिला. त्याला कॅनडातील अनुभवाने मर्यादा घातली. माँट्रियलजवळील सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ पासून इंग्रजीभाषक मुलांचे शिक्षण फ्रेंचमधून सुरू झाले आणि ही पद्धत पुढे देशभर पसरली. अशा वर्गांतील मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागले; परंतु अनेक वर्षांनंतरही त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात उणिवा राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्याची मीमांसा केली. ऐकताना संदर्भावरून अर्थ लागतो, तेथे प्रत्यय कोणता आला याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. स्वतः वाक्य रचताना मात्र प्रत्यय निवडावाच लागतो आणि आपल्याला काय येत नाही, ते तेव्हाच उमगते. सारे मराठी समजते पण उत्तर हिंदीतून देतो, अशी जी मुले घरोघर दिसतात, त्यांची गत नेमकी हीच आहे.

बोलते करावयाचे, पण कशाने? एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातील शाळांत जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांपुढे विचार करण्याजोगी कामे मांडली गेली. रेल्वेचे वेळापत्रक पाहून सोयीची गाडी ठरवावयाची, नकाशावरून वाट शोधावयाची. मुलाचे लक्ष काम तडीस नेण्याकडे लागते आणि त्या ओघात भाषा वापरली जाते. मराठी घरात अशा कामांना तोटा नाही. पुरणपोळीची कृती आजीला विचारून लिहून काढणे, दिवाळीच्या फराळाच्या सामानाची यादी करणे, गावाकडच्या काकांना पत्र लिहिणे, ही सर्व खरी कामे आहेत. त्यांतून आलेला शब्द मनात ठसतो.

बोलताना चुका होणारच. त्यांच्याकडे कसे पाहावे, याविषयी पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडलेला विचार शिक्षकांना धीर देणारा आहे. शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या मनात तयार होत असलेल्या नियमांचा पुरावा होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इंदूरचे मूल ‘मीने खाल्ले’ म्हणते, तेव्हा त्याच्यामागे हिंदीतले ‘मैंने’ उभे असते, त्याचबरोबर मराठीतले ‘त्याने’, ‘तिने’ही असतात. मुलाने नियम बरोबर ओळखला आहे. ‘मी’ आणि ‘तू’ यांना तो लागत नाही, एवढेच कळावयाचे राहिले आहे. अशा वेळी हसण्याने मूल गप्प होते आणि ते गप्प झाले की शिक्षणच थांबते. दुरुस्तीही विचाराने करावी. चुकलेले वाक्य शिक्षकाने नुसते सुधारून पुन्हा म्हटले, तर ते पुष्कळदा मुलाच्या लक्षातच येत नाही. ‘पुन्हा सांग बरे, मी काय केले?’ असे विचारून त्याच्याकडूनच सुधारणा करवून घेतली तर ती अधिक ध्यानात येते, असे रॉय लिस्टर आणि लीला रांता यांच्या १९९७ च्या अभ्यासावरून दिसते.

प्रत्येक प्रांतातील अडचण निराळी असते, हेही शिकवणाऱ्याने ओळखावे. हिंदीच्या वातावरणात वाढलेल्या मुलाला नपुंसकलिंग अपरिचित, ‘ळ’ जड, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद अनोळखी. देवनागरी येत असूनही ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ त्याला अडवतो आणि ‘चंद्र’ व ‘चांदणे’ यांतील दोन निराळे ‘च’ लिपी त्याला सांगत नाही. शिवाय शब्द सारखे आणि अर्थ वेगळे. ‘उच्च शिक्षा’ मिळाल्याचा आनंद त्याने मराठी मंडळींत बोलून दाखवला, तर ऐकणारे दचकतील! बडोद्याच्या मुलाला तीन लिंगे गुजरातीतून आणि ‘आपण–आम्ही’ हा भेदही तेथूनच आयता मिळतो. हैदराबादच्या मुलाला तो भेद तेलुगूतील ‘मनं’ आणि ‘मेमु’ यांवरून सहज पटवता येतो. बेळगावकडे कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ‘ळ’ मुळीच जड नाही. पण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू एकजात नपुंसकलिंगी असल्यामुळे खुर्ची ‘ती’ का आणि टेबल ‘ते’ का, याचे त्याला नवल वाटते. येथे शेजारच्या भाषेला शत्रू मानण्याचे कारण नाही. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे, एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. शाळेच्या भाषेत उत्तम वाचणारे मूल मराठीत शून्यापासून सुरुवात करीत नसते.

राहता राहिली स्मरणशक्ती. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले की, शिकलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच विस्मरणात जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीतील पंधरा दिवसांच्या शिबिरापेक्षा वर्षभर दर आठवड्याचा एक तास मोलाचा. नवा शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा भेटावा, इतकी साधी वही ठेवली तरी पुरे.

या सर्वांचा मथितार्थ ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचा तर चार कामे पुढे येतात. पहिले, बालविभागातील पुस्तके वयानुसार न लावता वाचनाच्या सोपेपणानुसार लावावीत आणि पाठीवर रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. बारा वर्षांच्या मुलाला सोपे पुस्तक घेताना संकोच वाटू नये. दुसरे, आठवड्यातून एक तास ज्येष्ठ सभासदांनी मोठ्याने वाचून दाखवावे, मुलांनी तेच पुस्तक हाती धरून ऐकावे आणि नंतर त्यावर गप्पा व्हाव्यात. तिसरे, अमराठी सुना-जावई आणि शेजारी यांच्यासाठी संभाषणवर्ग असावा आणि तेथे चुकण्याची पूर्ण मुभा असावी. चौथे, प्रत्येक मुलाने एका वृद्ध सभासदाची भेट घेऊन त्यांच्या आठवणी मराठीत लिहून काढाव्यात. त्यासाठी ऐकावे लागेल, विचारावे लागेल, लिहावे आणि सुधारावे लागेल. आणि ग्रंथालयाला स्वतःचा इतिहास पुढच्या पिढीच्या हस्ताक्षरात मिळेल.

या कामांना मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो, आणि तो देऊ शकणारी सुशिक्षित, निवृत्त मंडळी प्रत्येक मराठी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात रोज सकाळी वर्तमानपत्र वाचीत बसलेली असतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या शेजारच्या खुर्चीवर एक मूल आणून बसवले, तर आजीने सांगितलेली गोष्ट नातवाला छापील पानावरही भेटेल आणि शंभर वर्षे जपलेल्या या कपाटांच्या किल्ल्या पुढच्या हाती सुखरूप जातील.