मुक्या प्राण्यांस बडीशेपेचें तेल

जेवणानंतर बडीशेपेची चिमूट तोंडांत टाकण्याची चाल आपल्या घरांत इतकी जुनी आहे कीं, तिच्यापासून कोणास अपाय होईल ही शंकाच मनाला शिवत नाहीं. हाच विश्वास धरून अलीकडे कित्येक कुटुंबांत बडीशेपेच्या सुगंधी तेलाची कुपी आणिली जाते आणि तिचा प्रयोग घरांतील कुत्र्यामांजरांवर होतो. दिवाळीच्या फटाक्यांना भिऊन कुत्रा पलंगाखालीं दडला, किंवा मांजराचें पोट बिघडलें, कीं दोन थेंब अंगावर चोळावयाचे, अथवा विजेच्या डिफ्यूझरनें तें तेल खोलीभर दरवळूं द्यावयाचें. या उपचारास सुगंधचिकित्सा म्हणतात. गॅटफोसे या फ्रेंच रसायनज्ञानें १९३७ सालीं त्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

परंतु बडीशेप निराळी आणि तिचें तेल निराळें. दाणे भरडून त्यांतून पाण्याची वाफ सोडितात, ती वाफ थंड करितात आणि वर तरंगणारें तेल काढून घेतात. शंभर ग्रॅम दाण्यांतून साधारणपणें २ ते ६ ग्रॅम तेल मिळतें. मध्यम प्रमाण ४ धरिलें, तर १० मिलिलिटरच्या इवल्याशा कुपींत सुमारें पाव किलो बडीशेपेचें तेल कोंडलेलें असतें. पाव किलो बडीशेप एका बैठकीस आपण स्वतःही खात नाहीं. चार किलो वजनाच्या मांजराची गोष्ट तर सोडाच. या तेलाचा गोड वास मुख्यतः ॲनेथोल या द्रव्याचा. त्याच्या जोडीला कापराची आठवण करून देणारें फेंकोन आणि थोडें एस्ट्रागोल असतें. हें एस्ट्रागोल मोठ्या मात्रेनें दिलें असतां उंदरांच्या यकृतांत अर्बुदें झालेलीं आढळलीं आहेत. कुपीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळकपणें छापलेला असतो खरा. धोतऱ्याचें बींही नैसर्गिकच असतें.

मांजराच्या बाबतींत धोका विशेष आहे. अशीं द्रव्यें शरीरांत शिरलीं, म्हणजे यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन विद्राव्य बनवितें आणि मग तीं बाहेर टाकिलीं जातात. मांजराच्या यकृतांत ही शक्ति उपजतच तोकडी आहे. त्यांतून मांजर दिवसांतून अनेकदां आपलें अंग चाटतें. डिफ्यूझरमधून उडालेले सूक्ष्म तुषार केसांवर बसतात, आणि चाटतां चाटतां तेल पोटांत जातें. पिंजऱ्यांतील पोपटाच्या श्वसनेंद्रियांची रचना तर इतकी नाजूक असते कीं, त्या खोलींत हें यंत्र लावूंच नये.

आतां कुत्र्याकडे वळूं. सुगंधाचा त्याच्या वृत्तीवर परिणाम होतो, हें अगदींच खोटें नाहीं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत आश्रयगृहांतील ५५ कुत्र्यांना निरनिराळे वास देऊन पाहिले. लॅव्हेंडर व कॅमोमाइल यांच्या वासानें कुत्रीं अधिक विसावलीं आणि कमी भुंकलीं. रोझमेरी आणि पेपरमिंट यांनीं मात्र त्यांची चुळबुळ वाढली. बडीशेपेची परीक्षा त्यांत झालीच नव्हती. उलट इंग्लंडमध्यें शिकारी कुत्र्यांना पळविण्यासाठीं जमिनीवरून जो कृत्रिम माग ओढीत नेतात, त्याला ॲनिसीडचा वास देण्याची चाल आहे. आणि ॲनिसीडचा गंधही ॲनेथोलचाच! ज्या वासामागें कुत्रीं रानोमाळ धांवतात, तोच आपल्या घाबरलेल्या कुत्र्याला निजवील, असें कशावरून मानावें?

तरीही कोणास हौस असेल तर कुपी दूर ठेवून चमचाभर दाणे भरडावे, फडक्यांत त्यांची पुरचुंडी बांधावी आणि ती कुत्र्याच्या तोंडीं लागणार नाहीं अशा उंचीवर खोलीच्या एका कोपऱ्यांत टांगावी. कुत्र्याच्या नाकाला तेवढा वास पुष्कळ झाला. दार उघडें असावें. तो जवळ येऊन लोळला तर ठीक. नाक फिरवून बाहेर गेला, तर त्याचें उत्तर मिळालें असें समजावें. गाभण जनावर किंवा फेफरें येणारा कुत्रा घरांत असेल, तर हा प्रयोग मुळींच करूं नये.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचें पोट एकाएकीं फुगून नगाऱ्यासारखें ताठ झालें, ओकारीचे उमाळे येऊनही कांहीं बाहेर पडेना, तो अस्वस्थपणें येरझारा घालूं लागला, तर त्याच्या जठराला पीळ पडला असण्याचा संभव असतो. अशा वेळीं बडीशेप, ओवा, हिंग यांच्या खटपटींत घटकाभरही दवडूं नये. पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें आणि कांहीं तासांत प्राण जातो.

तेल अंगावर सांडलेंच, तर जनावराला तें चाटूं न देतां सौम्य साबणानें धुवून काढावें. लाळ गळूं लागली, तोल जाऊं लागला किंवा श्वास जड झाला, तर ओकारी करविण्याच्या भरीस पडूं नये. तडक पशुवैद्याकडे न्यावें आणि तेलाची कुपीही बरोबर घ्यावी, म्हणजे आंत काय होतें व किती गेलें याचा अंदाज त्यांना करितां येईल.