वैशाखात येणारा गवंडी



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण उद्या किनाऱ्यावर काम कराल. तारकर्लीपासून गोव्यापर्यंत रिसॉर्टं उभी राहताहेत आणि मालक पहिल्याच बैठकीत म्हणतात, 'अस्सल कोकणी फील पाहिजे.' या मागणीचं काय करायचं, त्याबद्दल मी बोलणार आहे.

मी आराखडा केलेल्या पहिल्या रिसॉर्टमध्ये जांभ्याच्या भिंती उघड्या ठेवल्या आणि रंग काळवंडू नये म्हणून वरून चकचकीत पॉलिश मारून घेतलं. फोटो देखणे आले. दोन पावसाळ्यांनी पॉलिशचे पापुद्रे सुटले, त्यांच्याबरोबर जांभ्याच्या चिऱ्यांचा भुगा गळू लागला, सांध्यांवर मीठ फुललं. गावातल्या एका वृद्ध गवंड्यांना घेऊन गेले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'बाईनू, चिरो पाणी पिता आणि वाऱ्यार सुकता. तुमी तेचा तोंडच बांधलात.'

जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, उघड्या हवेत टणक होतो, आणि तो सच्छिद्र असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा चालतो, कारण चुना ओल अडवून धरत नाही.

चुन्यावरून कावीकडे येते, कारण तिच्याबद्दल मला मनापासून ओढ आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच लोखंडी अणकुचीनं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, पक्षी, देवादिक असे उमटतात. गोव्यातल्या आणि कारवारकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ही कला आजही पाहता येते. रेषा चुकली तर खोडता येत नाही. थर सुकण्याआधी हात पुढे जावा लागतो. कावीचा स्टिकर छापून स्वागतकक्षात लावणं सोपं आहे. पण खरी कावी करायला माणूस कित्येक दिवस भिंतीसमोर बसतो, आणि पाहुणा त्याला काम करताना पाहतो. तेवढे दिवस तुमच्या वेळापत्रकात मागून घ्या.

पिंगुळी गावच्या चित्रकथीचंही तेच. ठाकर समाजातल्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या चित्रं दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गायल्या. परशुराम गंगावणे यांना 2021 साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. चित्रकथीतलं एखादं पात्र उचलून उशीच्या अभ्र्यावर छापू नका. चित्र विकत घ्या, रिसॉर्टच्या खळ्यात खेळ ठेवा, मानधन द्या.

आता साहित्याकडे येते. कोकणातला माणगा बांबू भरीव आणि बिनकाट्यांचा, फर्निचरला उत्तम. मात्र पिठूळ रस असलेली काठी तोडून तशीच वापरली की भुंगेरे पोखरतात. बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवल्याशिवाय ती घेऊ नका. काथ्याचा सुंभ खाऱ्या हवेला दाद देत नाही; नारळाची सोडणं तर मुळात खाडीच्याच पाण्यात महिनोन्‌महिने कुजवलेली असतात. लोखंडी खिळ्याला मात्र हीच हवा खाऊन टाकते, तिथे पितळ वापरा.

काही गोष्टी परत मागू नयेत, हेही सांगते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या असत. त्यांतून येणारा दुधाळ उजेड मी विसरू शकत नाही. पण तो शिंपला आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. मोडक्या वाड्यातली जुनी खिडकी मिळाली तर ती जपून बसवा, नवी कुणाकडून करून घेऊ नका.

कोकणातलं घर दरवर्षी हात मागतं. पावसाआधी कौलं शाकारायची, भिंतीला झावळ्यांची झापं बांधायची, पावसानंतर खळं सारवायचं. म्हणून मी आता प्रत्येक आराखड्यात एक जादा पान जोडते: कोणती वस्तू कुणी केली, ती पुन्हा कधी हातात घ्यायची, आणि त्या कामाचे पैसे कोणत्या महिन्यात द्यायचे. पहिल्यांदा एका मालकानं ते पान काढून टाकलं होतं. मी ते परत जोडलं आणि त्याशिवाय काम पुढे नेणार नाही असं सांगितलं.

माझ्या त्या पहिल्या रिसॉर्टच्या भिंती आम्ही खरवडून पुन्हा चुन्यानं लिंपल्या. ते वृद्ध गवंडी आता नाहीत. त्यांचा मुलगा दर वैशाखात तिथे जातो, सांधे तपासतो, जिथे लागेल तिथे चुना भरतो, आणि काम झालं की मला फोन करतो.