दुव्याचें मोल



आज कोणत्याहि घरांत एखादी शंका निघाली कीं हातांतल्या मोबाइलवर चार शब्द लिहिले जातात आणि क्षणार्धांत उत्तरांची यादी पुढें येते. यादी कितीहि लांब असली तरी वाचणारा पहिल्या चार-पांच नांवांपलीकडे क्वचितच जातो. यादींत जें संकेतस्थळ पन्नासावें आहे, तें जगाच्या दृष्टीनें नाहींच म्हटलें तरी चालेल. हा क्रम कोण लावतो आणि कशावरून लावतो, याचा विचार व्यापारी मंडळी करतातच. मराठींत कांहीं चांगलें लिहून ठेवणाऱ्यांनींहि तो करावा असें मला वाटतें. म्हणून त्याच्या एकाच अंगाविषयीं, म्हणजे परक्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांविषयीं, आज बोलणार आहें.

इंग्रजींत ज्याला लिंक म्हणतात त्याला मराठींत दुवा हा शब्द रूढ झाला आहे. सांखळीच्या कड्या जोडतो तो दुवा, आणि फकीर देतो तोहि दुवाच. मूळ शब्द दोन, पण या विषयांत दोन्ही अर्थ शेजारीं येऊन बसतात.

१९९५-९६ च्या सुमारास शोधयंत्रें मुख्यतः शब्द मोजीत. ज्या पानावर ‘घड्याळ’ हा शब्द अधिक वेळां, तें पान घड्याळांविषयीं अधिक जाणतें, असा तो भाबडा हिशेब. लबाडांना हें उमगण्यास वेळ लागला नाहीं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेंकडों वेळां लिहिला कीं वाचकाला कांहीं दिसत नसे, यंत्र मात्र फसे. त्या काळीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेइ ब्रिन या दोघांनीं निराळा विचार केला. एखादें पान स्वतःविषयीं काय सांगतें याहून इतर पानें त्याच्याविषयीं काय सांगतात, हें पाहावें. कल्पनेला पूर्वज होते. यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ मध्यें असें सुचविलें होतें कीं, शास्त्रीय निबंधांत कोणीं कोणाचा उल्लेख केला याची सूची करावी; १९६४ मध्यें ती प्रसिद्ध झाली. पेज आणि ब्रिन यांचा निबंध १९९८ मध्यें निघाला आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत गूगल ही कंपनी स्थापन झाली.

पेज यांची खरी युक्ति ही कीं, प्रत्येक दुव्याचें वजन सारखें धरावयाचें नाहीं. आमच्या शाळेंत दोन शिक्षक होते. एक गृहस्थ मागेल त्याला शिफारसपत्र देत. दुसरे वर्षांतून दोघांनाच देत. गांवच्या दुकानदारांना हें पुरतें ठाऊक होतें. दुसऱ्यांचें पत्र घेऊन आलेला मुलगा कामास लागे. पहिल्यांचें पत्र कोणी उघडीतहि नसे. हीच दुकानदारी अक्कल गणितांत मांडली आहे. समजा, एका पानाचें वजन १०० आहे. त्यांतील ८५ भाग तें पुढें वाटतें, असें मूळ निबंधांत सामान्यतः धरलें आहे. त्या पानावर १० दुवे असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास साडेआठ येतात. दोनच असतील तर साडेबेचाळीस. आतां, देणाऱ्या पानाला तरी वजन कोठून आलें? त्याला दुवे देणाऱ्या पानांकडून. ऐकतांना हें चक्र वाटेल. परंतु आरंभीं सर्वांना सारखें वजन देऊन हाच हिशेब पुनःपुन्हा केला कीं आंकडे हळूहळू स्थिर होतात. गणिताचा ज्यांना कंटाळा असेल त्यांनीं असें समजावें कीं, एक निरुद्योगी मनुष्य दुव्यांच्या वाटांनीं भटकतो आहे आणि मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी घेतो आहे. ज्या पानावर तो अधिक वेळां सांपडेल तें पान वजनदार.

शिवाय दुवा कोणत्या शब्दांवर दिला आहे, हेंहि यंत्र वाचतें. ‘येथें पाहा’ या शब्दांवर दिलेला दुवा मुका असतो; ‘जुन्नरच्या लेण्यांची माहिती’ या शब्दांवर दिलेला दुवा बोलतो.

साक्षीला मोल आलें कीं खोटे साक्षीदारहि येतात. दुव्यांचा बाजारच भरला. त्याचें प्रसिद्ध उदाहरण जे. सी. पेनी या अमेरिकेंतील मोठ्या दुकानांच्या कंपनीचें. फेब्रुवारी २०११ मध्यें न्यू यॉर्क टाइम्स या वृत्तपत्रानें दाखवून दिलें कीं, कपडे, गालिचे अशा अनेक शोधांत ही कंपनी महिनोनमहिने पहिली येत होती, आणि तिच्याकडे येणारे हजारों दुवे मात्र कपड्यांशीं वा गालिचांशीं कसलाहि संबंध नसलेल्या पानांवर पेरलेले होते. आपल्याला याची माहिती नव्हती, असें कंपनीनें सांगितलें. गूगलनें हातीं सूत्रें घेतलीं. एका विशिष्ट प्रवासी बॅगेच्या शोधांत संध्याकाळीं ७ वाजतां ही कंपनी पहिली होती. दोन तासांनंतर ती ७१ वी होती. पुढें एप्रिल २०१२ मध्यें असे बनावट दुवे हुडकणारी पेंग्विन नांवाची व्यवस्था आली. २०१६ पासून तिचा रोख शिक्षेपेक्षां असे दुवे हिशेबांतच न धरण्याकडे अधिक आहे. म्हणजे विकत घेणाऱ्याचे पैसे मुकाट्यानें बुडतात. जाहिरातीच्या दुव्याला बंदी नाहीं. तो जाहिरातीचा आहे अशी खूण त्यावर करावी, एवढीच अट. आतां दुव्यांचें वजन पूर्वीइतकें राहिलें नाहीं, असें गूगलचीच माणसें सांगतात, आणि तें बरेंच झालें. परंतु वजन कमी झालें म्हणजे नाहींसें झालें असें नव्हे.

आमच्या गांवीं एक जुनें सार्वजनिक वाचनालय आहे. निवृत्तीनंतर त्याचें संकेतस्थळ सांभाळण्याचें काम मजकडे आलें. दर महिन्याला कोणी तरी दूरध्वनि करून सांगे कीं, अमुक रक्कम भरा, पांच हजार दुवे मिळवून देतों. ते कोठून येणार, असें विचारलें तर उत्तर येई, “तुम्हांला आंकड्याशीं काम!” चिटणिसांना मोह पडला. मीं त्यांना एवढेंच विचारलें कीं, परदेशांतील जुगाराच्या पानावरून आपल्याकडे कोण वाचक येणार?

त्याऐवजीं आम्हीं एकच काम हातीं घेतलें. तालुक्यांत शेतांच्या बांधांवर आणि देवळांच्या आवारांत पडलेल्या वीरगळांची गांववार नोंद केली: छायाचित्र, उंची, जागा, कोरीव चित्रांचें वर्णन. ही माहिती दुसरीकडे कोठें एकत्र नव्हती. मग इतिहासाच्या प्राध्यापकांना, गड-किल्ले हिंडणाऱ्या मंडळांना, आणि ज्या गांवांचीं स्वतःचीं पानें आहेत त्यांना पत्रें लिहिलीं. एकच मजकूर सर्वांना धाडला नाहीं; ज्याच्या उपयोगाची जी नोंद, ती त्याला दाखविली. वर्षभरांत ११ दुवे आले. चिटणीस हंसले. पण वीरगळ हा शब्द आणि आमच्या तालुक्याचें नांव एकत्र लिहिलें कीं आतां वाचनालयाचें पान पहिल्या तिहींत दिसतें, आणि आजवर न पाहिलेल्या अभ्यासकांचीं पत्रें येतात.

मराठींतली मोठी अडचण यंत्राची नव्हे, आपली आहे. आपण दुसऱ्याचें लिखाण घेतों तें सबंध उचलतों. नांव गाळतों आणि पत्ता तर देतच नाहीं. व्हॉट्सॲपवरील मजकुराखालीं ‘साभार’ असें लिहिलेलें असतें. आभार कोणाचे, हें कोणी सांगत नाहीं. एका वृत्तपत्रानें आपल्या संकेतस्थळावर आमच्या चार नोंदी शब्दशः छापल्या. त्या पत्राकडे जगभरचे दुवे, आमच्याकडे ११. शोधांत नक्कल वर आणि मूळ खालीं! पुढें त्या नोंदींत आम्हीं नवीं मोजमापें घातलीं, पण लोक जुनेंच वाचीत राहिले. एका विद्यार्थ्यानें तर आपल्या प्रबंधांत वृत्तपत्राचेंच नांव आधार म्हणून घातलें. संपादकांना दोन पत्रें लिहिलीं, तेव्हां त्यांनीं वाचनालयाचें नांव आणि दुवा घातला. कांहीं आठवड्यांनीं मूळ पान वर आलें. नोंद करण्यासाठीं उन्हांत हिंडलेल्या मुलांनीं त्या दिवशीं पेढे आणले, हें सांगावयास हरकत नाहीं.

जातां जातां एक व्यवहाराची गोष्ट. संकेतस्थळाचें नूतनीकरण करतांना पानांचे पत्ते बदलतात, आणि वर्षानुवर्षें मिळविलेले दुवे रिकाम्या घराच्या दारावर जाऊन थडकतात. टपालखात्याला आपण नवा पत्ता कळवितों तशीच सोय येथेंहि आहे. जुन्या पत्त्यावर आलेल्याला ती कायमची नव्या पत्त्याकडे वळविते. तंत्रज्ञ तिला ३०१ या आंकड्यानें ओळखतात. नवें संकेतस्थळ बांधून देणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वीं आपल्या पांच-दहा महत्त्वाच्या पानांचे जुने पत्ते स्वतः लिहून पाहावेत आणि वाट नीट लागते कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.