मामांचा दोर

(श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेले भाषण)



श्रीमारुतिरायाच्या कृपेने मंदिराचे काम पूर्णत्वास गेले. ज्यांनी पैका दिला, ज्यांनी दगड-वाळू वाहिली, त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत आली आहेत. परंतु एका माणसाचे नाव पावतीपुस्तकात नाही. काम सुरू होण्यापूर्वीच तो देवाघरी गेला. जन्मभर झाडावर चढून फांद्या उतरविणे आणि चिंचा झोडणे हे त्याचे काम. सारा गाव त्यांना 'मामा' म्हणे.

मामांच्या मागे राहिले काय? एक कुऱ्हाड, एक कोयता, एक आकडी आणि अंबाडीचा दोर. मुलांनी ही हत्यारे मोडीत घातली नाहीत. मामांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांच्या स्वाधीन केली. खंडेनवमीला ते तरुण ती धुऊन, पुसून, हळद-कुंकू वाहून देवापुढे मांडतात.

आपल्या भागाला हा संस्कार नवा नाही. नामदेव महाराजांचे नरसी 1999 पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते, आता ते हिंगोली जिल्ह्यात आहे. लहानपणी पळसाची साल काढताना झाडाला काय वेदना झाली असेल, हे पाहण्यासाठी नामदेवांनी आपल्याच पायाची साल काढून पाहिली, ही आख्यायिका घरोघरी सांगतात. गंगाखेडच्या जनाबाईंनी जात्यावर देव पाहिला. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच पंढरी पाहिली. कामाचे हत्यार आणि देव यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

आता जीर्णोद्धाराच्या वेळची हकीकत. पारावरच्या लिंबाची एक मोठी फांदी शिखरावर आली होती. वाऱ्यात ती कलशावर घासणार हे उघड होते. बैठकीत पुष्कळांचे मत पडले की झाड मुळासकट काढावे, म्हणजे कटकट मिटेल. मामांचे शिष्य उठले आणि म्हणाले, "दोन दिवस द्या. फांदी उतरवतो, झाड राखतो." गावाने मान्य केले.

चढण्याच्या आदल्या सायंकाळी एकाने भक्तिभावाने मामांचा दोर काढला. "आजचं काम मामांच्याच दोरावर," असे तो म्हणाला. वडीलधाऱ्या शिष्याने दोर हाती घेतला, पीळ उलगडून पाहिला. वरून दोर धडधाकट दिसत होता. आतले धागे मात्र कुजून भुगा झाले होते. तो शांतपणे म्हणाला, "मामा रोज चढण्याआधी दोर पाहायचे. तेवढं जरी शिकलो असलो, तरी हा दोर आता नमस्काराचा. चढायला नवा आणा."

त्याप्रमाणे नवा दोर आला. कुऱ्हाडीला बाभळीचा नवा दांडा बसविला, लोहाराकडून पाते शेवटून घेतले. मामांच्या शिकवणीप्रमाणे आधी फांदीचे शेंडे थोडेथोडे उतरविले. प्रत्येक तुकडा दोराने बांधला आणि दोराचे दुसरे टोक बुंध्याला वेढे देऊन हळूहळू सोडले. शेवटी जाड फांदीला आधी खालून काप दिला, मग थोडे बाहेर सरकून वरून करवत चालविली, म्हणजे खोडाची साल फाटत नाही. राहिलेला खुंट खोडालगतची फुगीर कड राखून काढला, कारण जखम भरते ती तिथूनच. शिखराचा एक टवकाही उडाला नाही.

शिखराच्या सांध्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेले पिंपळ होते. वरवर कापले तर ते पुन्हा फुटतात आणि दगड उकलतात. म्हणून गवंड्याने सांधे मोकळे केले, मुळे सबंध काढली, आणि जगतील ती रोपे ओढ्याकाठी लावली.

मामा आणखी काही सांगत. शेवग्यावर आणि जांभळावर भरवसा ठेवू नये, त्यांची फांदी ठिसूळ. चिंचेची फांदी चिवट. ओल्या झाडावर चढू नये. खाली माणूस उभा असल्याशिवाय हत्यार चालवू नये, आणि तो फांदीच्या खाली उभा नसावा. आंबा, चिंच, मोह यांसारख्या झाडांच्या तोडीला 1964 च्या कायद्याने परवानगी लागते. कागद हातात आल्याशिवाय मामा त्या झाडाला कुऱ्हाड लावीत नसत. कितीही मोठा माणूस सांगो, ते म्हणत, "आधी कागद, मग कुऱ्हाड."

सज्जनहो, मोठ्या माणसाची वस्तू जपणे सोपे आहे. त्याची शिस्त जपणे अवघड. त्या सायंकाळी श्रद्धेच्या भरात दोर न पाहताच कोणी चढला असता, तर आज कलशारोहणाऐवजी वेगळाच प्रसंग गावावर आला असता. मामांचा खरा मान राखला तो दोर तपासणाऱ्याने.

तो दोर आता सभामंडपाच्या खुंटीवर आहे. मुलांनो, येता-जाता त्याला जरूर हात जोडा, आणि आपापला दोर रोज पाहा. मारुतिरायाने सर्वांना बळ व बुद्धी द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

बोला, बजरंगबली की जय!