वृत्तपत्राचा खरा मालक



हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. आज ती ओलांडताना कोणी अडवत नाही. १९४७ पर्यंत मात्र या नदीच्या दोन तीरांवर दोन राजवटी होत्या. पलीकडे इंग्रजांच्या कारभारातील वऱ्हाड, अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. वऱ्हाडातला वाचक जे वृत्तपत्र ओट्यावर बसून उघडपणे वाचू शके, तेच अलीकडच्या तीरावर जवळ बाळगणे संकटाला आमंत्रण ठरे. ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राचा इतिहास समजून घ्यायचा, तर प्रथम ही नदी ध्यानात घेतली पाहिजे.

संस्थानात पाच मराठी जिल्हे होते. त्यांतील परभणी जिल्ह्यात हिंगोलीचा समावेश होता. प्रजा मराठी, पण कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी हवी. अशा राज्यात राहून सरकारला जाब विचारणारे मराठी पत्र चालवणे जवळपास अशक्यच होते.

१९३७ साली परतूर येथे पहिली महाराष्ट्र परिषद भरली आणि संस्थानातील मराठी माणूस संघटित होऊ लागला. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. वाचक मराठवाड्यातला आणि छापखाना पुण्यातला, अशी ही विलक्षण रचना होती. निजामाचा हात पुण्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून त्याने अंकाच्या प्रवेशावरच बंदी घातली. बंदी नावावर होती, तेव्हा वाघमारे यांनी नाव बदलले. पुन्हा बंदी आली, पुन्हा नवे नाव आले. शिरोभाग बदलत गेला, भूमिका तीच राहिली.

या संघर्षाची किंमत केवळ संपादकाने मोजली नाही. अंक स्वीकारणारा, तो दुसऱ्याच्या हाती देणारा आणि निरक्षर शेजाऱ्याला वाचून दाखवणारा, या प्रत्येकाने जोखीम पत्करली. त्या काळी लेखणीचे मोल काय होते, हे शोएबुल्ला खान यांच्या बलिदानातून कळते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक भारतातील विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडत होते. २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत त्यांची हत्या झाली. एक महिनाही लोटला नाही, तोच १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण सत्यनिष्ठा एकच होती.

मुक्तीनंतर ‘मराठवाडा’ आपल्या भूमीत आला, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात स्थिरावला आणि पुढे दैनिक झाला. स्वातंत्र्यसैनिक अनंत भालेराव यांनी त्याचे संपादकपद दीर्घकाळ भूषवले. आणीबाणीत त्यांना कारावास घडला. निजामाच्या राजवटीशी लढलेल्या संपादकाला स्वतंत्र भारतात तुरुंग पाहावा लागला! त्यांचे सर्व विचार सर्वांनाच मान्य होते असे नाही, पण त्यांच्या निष्ठेबद्दल विरोधकांच्याही मनात शंका नव्हती. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

आज ‘मराठवाडा’ दैनिक अस्तित्वात नाही. सत्ताधीशांच्या बंदीतून जे तगले, ते मुक्त बाजारात टिकले नाही, हा इतिहासाचा कठोर धडा आहे. १९८२ साली ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती निघाली. मोठे भांडवल, आधुनिक यंत्रे आणि वेगवान वितरण यांचे युग आले. त्यात दोष कोणाचा नाही. प्रश्न एवढाच, की संकटकाळी अंक लपवून ठेवणारा समाज सुखाच्या काळात त्याची वर्गणी भरायला का विसरला?

१ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथील प्रश्न राजधानीतील संपादकाला आपोआप दिसणार नाहीत. ते मांडायला येथलाच निर्भय वार्ताहर हवा आणि तो केवळ जाहिरातींवर उभा राहू शकत नाही. जाहिरात देणाऱ्याला दुखवायचे नाही, असे एकदा ठरले की बंदीहुकमाची गरजच उरत नाही.

घराघरांतील जुन्या पेट्यांत ‘मराठवाडा’चे जीर्ण अंक असतील, तर ते रद्दीत न घालता ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत. आणि गावात प्रामाणिक पत्र निघत असेल, तर ते शेजाऱ्याकडून मागून न वाचता विकत घ्यावे. वृत्तपत्राचा खरा मालक वाचक असतो. मालकाने पाठ फिरवली, तर घर कोसळायला शत्रू लागत नाही.