एका हांकेला दोघांची ओ



वर्गांत हजेरी घेतांना एकच नांव पुकारलें आणि दोन बांकांवरून 'हजर' असा आवाज आला, तर शिक्षक मान वर करून चेहरे पाहतो आणि निवाडा करतो. परंतु ज्याला केवळ कान आहेत, डोळे नाहींत, त्यानें निवाडा कसा करावा? घरांत वा कचेरींत एकमेकांशीं जोडलेल्या संगणकांपुढें कधीं कधीं नेमका हाच पेंच उभा राहतो.

अशा प्रत्येक यंत्रास दोन ओळखी असतात. एक ४८ बिटांची खूण, बहुधा कारखान्यांतच दिलेली. तिला मॅक पत्ता म्हणतात. दुसरी ओळख म्हणजे आयपी पत्ता. चौथ्या आवृत्तींत तो ३२ बिटांचा असून भाड्याच्या बिऱ्हाडाप्रमाणें बदलूं शकतो. निरोप पोंचविण्यासाठीं दुसऱ्या ओळखीवरून पहिली शोधावी लागते. त्याकरितां डेव्हिड प्लमर यांनीं नोव्हेंबर १९८२ मध्यें एआरपी नांवाची रीत लिहून प्रसिद्ध केली. 'हा आयपी पत्ता कोणाचा?' अशी हांक सर्वांना ऐकूं जाईल अशी मारावयाची. ज्याचा असेल त्यानें आपली खूण कळवावयाची. आणि विचारणारानें ती टिपून ठेवावयाची. रीत साधी व जलद खरी. पण उत्तर देणारा खरा कीं तोतया, हें पडताळण्याची सोय तींत मुळींच नाहीं. उलट, नोंद असलेल्या पत्त्याविषयीं नवी खूण आली तर जुनी पुसून नवी लिहावी, असाच तिचा दंडक आहे.

मग दोन उत्तरें आलीं तर? येथें प्रत्येक प्रणालीचा स्वभाव निराळा. लिनक्स प्रणाली एखादी नोंद झाल्यापासून सामान्यतः एक सेकंदपर्यंत पहिल्याच उत्तरास चिकटून राहते. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्यामुळें नोंद सारखी हेलकावूं नये, हा त्यांतील हेतु. ती मुदत सरल्यावर मात्र नव्या उत्तरास वाट मोकळी होते. फ्रीबीएसडी नवी खूण स्वीकारते, पण 'हा पत्ता अमक्याकडून तमक्याकडे गेला' अशी टीप दप्तरीं लिहून ठेवते. व्यवस्थापकानें स्वहस्तें कायम केलेली नोंद असेल, तर दोन्ही प्रणाली अशा उत्तरानें ती बदलूं देत नाहींत.

आपलाच पत्ता दुसऱ्यानें सांगितला, तर काय करावें, याचे नियम स्टुअर्ट चेशायर यांनीं जुलै २००८ मध्यें मांडले. पत्ता घेण्यापूर्वीं यंत्रानें तीन वेळां चौकशी करावी. तींत स्वतःच्या पत्त्याची जागा शून्य ठेवावी, म्हणजे इतरांच्या नोंदी बिघडत नाहींत. कोणीच हरकत घेतली नाहीं, तर दोनदां जाहीर करून पत्ता आपला म्हणावा. पुढें कोणी वाद घातलाच, तर एकवार आपला हक्क सांगावा. पण १० सेकंदांच्या आंत पुन्हां तोच वाद उठला, तर सामान्य यंत्रानें पत्ता सोडून द्यावा. भांडत बसून दोघांचेंही काम अडविण्यापेक्षां एकानें माघार घेणें बरें, हा त्यामागचा विचार.

परंतु हे सारे नियम सज्जनांसाठीं आहेत. सार्वजनिक वाय-फायवर एखाद्या लबाडानें 'रूटर मीच' असें वारंवार सांगितलें, तर शेजाऱ्यांचे निरोप त्याच्या हातून जाऊं लागतात. पहिलें उत्तर मानावें कीं शेवटचें, या प्रश्नाचें कोणतेंही उत्तर येथें पुरें पडत नाहीं. कारण आधीं येणें किंवा मागून येणें हा खरेपणाचा पुरावा नव्हे. म्हणून मोठ्या कचेऱ्यांतील कांहीं स्विच असें प्रत्येक उत्तर पत्ते वांटल्याच्या नोंदवहीशीं ताडून पाहतात. घरगुती माणसाजवळ ती वही नसते. त्याचा आधार संकेतस्थळाचें प्रमाणपत्र. बँकेचें पान उघडतांना ब्राउझरनें प्रमाणपत्राविषयीं इशारा दिला, तर घाईनें 'पुढें चला' म्हणूं नये, तेथेंच थांबावें. वाटेंत निरोप कोणाच्याही हातीं पडो, पलीकडचा खरा कोण हें पारखण्याचें तें साधन आहे, आणि तें मानणें वा झिडकारणें शेवटीं आपल्याच बोटांत असतें.