माळ्यावरची पत्रे
(मंडळाच्या साहित्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



गणपतीच्या आधी आपण घर झाडून काढतो. माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि जुने कागद रद्दीत जातात. त्यांत एखाद्या मोठ्या लेखकाचे पोस्टकार्ड असू शकते. आपल्या बेळगावात ही शक्यता अधिक. 'स्वामी'कार रणजित देसाईंचे कोवाड इथून जवळच, वि. स. खांडेकर शिरोड्याला आणि पुढे कोल्हापूरला राहिले, कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला शिकवत. इथल्या वाचकांचा या मंडळींशी पत्रव्यवहार असणे स्वाभाविकच.

१९८७ साली जी.ए. गेले. नंतर त्यांच्या पत्रांचे खंड निघाले, ते ज्यांना पत्रे आली त्यांनी जपली म्हणून. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रेही 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली. दोन्ही बाजू वाचल्या की संवाद पुरा होतो. म्हणून पत्र जमवताना नुसती सही पाहू नये. ते कुणाला आले, कशाच्या उत्तरादाखल आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारावे. ते पत्रात लिहिलेले नसते, आणि सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

हस्ताक्षरावरही सगळी भिस्त नको. उत्तरायुष्यात खांडेकरांची दृष्टी गेली. ते मजकूर सांगत आणि लेखनिक उतरवून घेत. अक्षर वेगळे दिसले म्हणून असे पत्र बाजूला टाकू नये. शब्द खांडेकरांचेच असतात.

पत्राला लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी करू नका. टाचण्या गंजतात, त्या हलकेच काढा. पाकीट जपा, पत्रावर तारीख नसेल तर पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. आपल्याकडच्या पावसात ट्रंक ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका.

आणखी एक. कागद आपला असला तरी मजकुराचा हक्क लेखकाचा आणि त्याच्या वारसांचा. परवानगीवाचून तो छापू नये.

मूळ पत्रे आम्हाला नकोत. उत्सवाच्या दिवसांत ती मंडपात आणा. आम्ही फोटो घेऊ, आठवण लिहून घेऊ आणि पत्र तिथेच तुमच्या हाती परत देऊ. यंदा रद्दी देण्याआधी ट्रंक एकदा तपासा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!